लेखनिकाची अट आणि कोचचा तास

महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखनिक हवा होता आणि ब्रह्मदेवाच्या सूचनेवरून गणपतीने ते काम पत्करले, ही कथा आपल्या कानावर लहानपणीच पडलेली असते. त्या वेळी दोघांनी एकमेकांना घातलेल्या अटी मात्र पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. गणपती म्हणाला, माझी लेखणी एकदा चालू लागली की ती थांबता कामा नये. व्यास म्हणाले, मान्य, पण अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग व्यास मधूनमधून एखादा कूट श्लोक घालू लागले. गणपती त्यावर विचार करी, तेवढ्या अवधीत व्यास पुढचे श्लोक रचून ठेवत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण केले. या आवृत्तीचे आदिपर्व वि. सी. सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ साली पूर्ण झाले. त्यात गणपतीचा हा प्रसंग मूळ संहितेत घेतलेला नाही; तो परिशिष्टात गेला. म्हणजे पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही नंतरची भर आहे. पण ही भर घालणाऱ्या अनाम कवीला स्वतःचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवताना काय काय होते, याची चांगली जाण असावी. साहाय्यकाला ताटकळत ठेवू नये आणि साहाय्यकाने न समजता काम करू नये, या त्या दोन अटी आजही तितक्याच लागू पडतात.

त्यांची आठवण होण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. करिअर कोच, लाइफ कोच, हेल्थ कोच अशा पाट्या आता पुण्या-मुंबईबरोबर नाशिक-कोल्हापुरातही दिसतात. यातले बरेच जण एकटेच काम करतात. कार्यालय नाही, कारकून नाही, असतो तो लॅपटॉप आणि फोन. अशा एकट्या माणसाने दुसऱ्या गावातला, कधी दुसऱ्या देशातला साहाय्यक तासाच्या बोलीवर नेमावा, ही पद्धत गेल्या तीस वर्षांत रूढ झाली आहे. अशा साहाय्यकाला ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात. आपण त्याला दूरस्थ साहाय्यक म्हणू. त्याचा कोचला फायदा कोणता, तो कधी होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

दोन व्यवसाय, एकच दशक

‘कोच’ हा शब्द मुळात गाडीचा. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथल्या कारागिरांनी बनवलेली हलकी, वेगवान गाडी युरोपभर गेली आणि गावाचे नाव गाडीला चिकटले. मराठीत बग्गी हाकणारा ‘कोचमन’ आला तो याच वाटेने. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी थट्टेने हा शब्द खाजगी शिकवणी घेणाऱ्याला लावला, कारण तो विद्यार्थ्याला परीक्षेच्या पैलतीरी ‘वाहून नेतो’. पुढे तो खेळाच्या मैदानावर पोहोचला.

मैदानावरून तो माणसाच्या मनाकडे वळला तो टिमथी गॉलवे यांच्या १९७४ सालच्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकामुळे. खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे नसून त्याच्याच डोक्यात असतो, तेव्हा शिकवणाऱ्याने सूचनांचा भडिमार थांबवून खेळाडूला स्वतःकडे नीट पाहायला लावावे, असे त्यांचे म्हणणे होते. टेनिससाठी मांडलेला हा विचार उद्योगांनी उचलला. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मध्ये ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ लिहून त्याला कार्यालयात नेले. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस लेनर्ड या आर्थिक सल्लागाराने कोच घडवणारी संस्था काढली आणि १९९५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने आंतरराष्ट्रीय कोच महासंघ उभा राहिला. आपल्याकडे ‘कोचिंग क्लास’ म्हटले की फळा आणि सराव परीक्षा डोळ्यांपुढे येतात. इथे अभिप्रेत असलेला कोच उत्तरे सांगत नाही. तो प्रश्न विचारतो आणि ऐकतो. त्याचे भांडवल म्हणजे त्याचे लक्ष.

दूरस्थ साहाय्यकाचा व्यवसायही त्याच दशकाच्या मध्यावर अमेरिकेतच आकाराला आला. घरोघरी इंटरनेट पोहोचत होते, ईमेल स्वस्त झाली होती आणि अनुभवी सेक्रेटरींना घरबसल्या एकापेक्षा अधिक जणांचे काम घेणे शक्य झाले होते. ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ या संज्ञेचे श्रेय काही जण थॉमस लेनर्ड यांनाच देतात. इतरही दावेदार आहेत. श्रेय कोणालाही द्या, पण हे दोन व्यवसाय जुळ्या भावंडांसारखे वाढले हे खरे. कोच फोनवरून बोलत असल्याने त्याला एका गावात राहण्याचे बंधन उरले नाही. आणि ज्याला स्वतःचेच गाव उरले नाही, त्याला शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचीही गरज उरली नाही.

एका तासामागचा तास

बाहेरून पाहणाऱ्याला कोचचा दिवस आरामाचा वाटतो. तासभर बोलायचे आणि पैसे घ्यायचे. एक साधा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत.

समजा, एका कोचकडे आठवड्याला बारा माणसे येतात आणि प्रत्येकाला तो एक तास देतो. प्रत्येक तासामागे वेळ ठरवणे-बदलणे यात दहा मिनिटे, स्वतःची टिपणे नीट लिहिण्यात पंधरा, ठरलेला स्वाध्याय किंवा वाचन पाठवण्यात दहा आणि बिल, पावती, राहिलेल्या पैशांची आठवण यांत दहा मिनिटे जातात. म्हणजे बारा तासांच्या संभाषणामागे नऊ तासांची उस्तवार. नवीन चौकशांना उत्तरे देणे, मासिक पत्र पाठवणे, एखादे भाषण किंवा ध्वनिचित्रफीत तयार करणे यांचे आणखी सहा तास धरा. सत्तावीस तासांच्या आठवड्यात कोचिंग बारा तासांचे आणि बाकीचे पंधरा.

परदेशातील मराठी माणसांशी बोलणाऱ्या कोचची आणखी एक अडचण असते. पुणे आणि न्यू जर्सी यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहा तासांचा. लंडनशी तो साडेचार आणि साडेपाच असा बदलतो. ब्रिटन आपली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेते आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे ऐन दिवाळीच्या आसपास काही दिवस तिन्ही गावांचे गणित वेगळेच होते. भेट चुकते ती बहुधा याच दिवसांत, आणि चुकलेल्या भेटीनंतर समजूत काढण्यात जाणारा वेळ वरच्या हिशेबात धरलेलाच नाही.

वाया गेलेल्या मिनिटांपेक्षाही लक्षाची फाटाफूट महागात पडते. समोरचा माणूस नोकरी सोडावी की नाही या पेचात बोलत असताना कोचच्या मनात दुसऱ्याचे न आलेले पैसे घोळत असतील, तर तो तास कागदावर तासच राहतो, पण समोरच्याला पूर्ण मिळत नाही. साहाय्यकाचा पहिला फायदा हा आहे. वाचलेला वेळ त्याच्यानंतर येतो.

काय सोपवावे, काय ठेवावे

कामांचे तीन गठ्ठे करता येतात. पहिल्यात ज्याला कोचचे डोके लागत नाही ते सारे येते: वेळापत्रक, आदल्या दिवशीची आठवण, पावत्या, फायलींची मांडणी, सभागृह ठरवणे, ध्वनिमुद्रित व्याख्यानाचे लेखी रूप. दुसऱ्यात डोके कोचचे, पण हात दुसऱ्याचे चालतील अशी कामे येतात: मासिक पत्राचा कच्चा मसुदा, व्याख्यानातून लहान तुकडे काढणे, नेहमीच्या चौकशांची उत्तरे. तिसऱ्या गठ्ठ्याला हात लावू द्यायचा नाही: प्रत्यक्ष संभाषण, त्यावरची खाजगी टिपणे आणि ‘हा माणूस माझ्याकडे येण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवा’ असा निर्णय.

वाटणी सोपी दिसते, पण फसगत पहिल्याच गठ्ठ्यात होते. काही कामे हमालीची वाटतात आणि प्रत्यक्षात तीच शिकवणीचा गाभा असतात. रमाकांत आचरेकर सर स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून शिवाजी पार्कवर मुले घडवत. ते सचिन तेंडुलकरला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, म्हणजे एकाच दिवसात त्याला अधिक वेळा फलंदाजी करायला मिळे. कामाची यादी करणाऱ्या व्यवस्थापकाने या खटाटोपापुढे ‘चालक नेमावा’ असे लिहिले असते. पण पोराला नेणे, त्याच्या खेळासाठी आपली संध्याकाळ खर्च करणे आणि ते त्याला दिसणे हे त्या शिकवण्यातच मोडत होते. ‘कोच’ या शब्दाचा वाहनाचा जुना अर्थ शिवाजी पार्कवर असा अक्षरशः खरा झाला होता.

म्हणून काम सोपवण्यापूर्वी एक कसोटी लावावी. हे काम मी स्वतः केले नाही, तर समोरच्या माणसाला ते जाणवेल का? पावती कोणी पाठवली हे जाणवत नाही. वडील गेल्यावर महिनाभराने परत येणाऱ्या माणसाला ‘कसे आहात? पुढच्या आठवड्यात भेटू’ हा निरोप कोणी लिहिला, हे मात्र जाणवते. तो साहाय्यकाने कोचच्या नावाने लिहिला आणि नंतर ते उघड झाले, तर विश्वासाला तडा जातो. साहाय्यकाने स्वतःच्या नावाने लिहावे, कोचने स्वतःच्या. या साध्या शिस्तीने पुष्कळ पेच टळतात.

समजून लिहिणे

व्यासांच्या अटीचे उत्तम उदाहरण आपल्या जवळचे आहे. महादेवभाई देसाई १९१७ मध्ये गांधीजींकडे आले आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासातच गेले. त्यांची समाधी तिथेच आहे. पंचवीस वर्षे त्यांनी पत्रव्यवहार सांभाळला, संभाषणे टिपली, दैनंदिनी लिहिली आणि गांधीजींच्या गुजराती आत्मकथेचे इंग्रजी भाषांतर केले. कोणते पत्र गांधीजींपुढे ठेवायचे आणि कोणत्याचे उत्तर आपणच द्यायचे, हे ठरवायला हस्ताक्षराची नव्हे तर मन ओळखण्याची गरज असते. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी एक आख्यायिका आहे: न लिहिलेले पत्र त्यांनी कोऱ्या कागदावरून महाराजांना हवे तसे वाचून दाखवले. इतिहास म्हणून तिचे वजन काहीही असो, चांगल्या लेखनिकाकडून आपली अपेक्षा काय असते हे ती नेमके सांगते.

तासाच्या बोलीवर दूरच्या गावात बसलेल्या माणसाकडे पंचवीस वर्षे नसतात. म्हणून समज हाताने पुरवावी लागते. कोचने प्रत्येक सोपवलेल्या कामाची पद्धत एकेका पानावर लिहून काढावी: काम कशासाठी आहे, पायऱ्या कोणत्या, कुठे थांबून विचारायचे, कोणता निर्णय साहाय्यकाने स्वतः घ्यायचा. ‘चौकशीला उत्तर द्या’ एवढे पुरत नाही. ‘चौकशी करणाऱ्याच्या मजकुरात जिवाचे बरेवाईट करण्याचा उल्लेख दिसला, तर ठरलेले उत्तर पाठवू नका, मला लगेच फोन करा’ हे लिहिलेले असले पाहिजे. हे पान लिहिताना बहुतेक कोचना प्रथमच कळते की आपली पद्धत आपल्यालाच धड ठाऊक नव्हती. साहाय्यक उद्या सोडून गेला तरी ते पान मागे राहते, हा दुसरा फायदा.

आणि गणपतीची अट? तीही तितकीच खरी. दूरच्या साहाय्यकाचे काम अडते ते बहुधा मालकामुळे. मसुदा पाठवून चार दिवस उत्तर नाही, संकेतशब्द दिलेला नाही, फी वाढवायची की नाही हे ठरलेले नाही. मग आठवड्याच्या शेवटी कोच म्हणतो, ‘काही कामच झाले नाही.’ यावर उपाय साधा आहे. आठवड्यात एक ठरलेली वेळ, अर्ध्या तासाचे बोलणे आणि अडलेल्या गोष्टींची एकच यादी. सुरुवात एका कामाने करावी, तेही महिनाभर. पहिल्या आठवड्यात शिकवण्यात जाणारा वेळ वाचणाऱ्या वेळेपेक्षा अधिक असतो, हे धरूनच चालावे.

दोन्ही अटी पाळल्या गेल्या म्हणजे काय घडते, हे १८६६ च्या ऑक्टोबरात पीटर्सबर्गमध्ये दिसले. दस्तयेव्हस्कीने कर्जापायी स्टेलोव्हस्की या प्रकाशकाशी करार केला होता. १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे त्याचे सारे लेखन तो प्रकाशक फुकट छापू शकणार होता. हातात जेमतेम महिना असताना आना स्नीत्किना ही वीस वर्षांची लघुलेखिका कामावर आली. तो दुपारी सांगे, ती उतरवून घेई, रात्री आपल्या घरी सुवाच्य प्रत करी आणि दुसऱ्या दिवशी घेऊन येई. किती पाने झाली याचा रोजचा हिशेब त्याला धीर देई. सव्वीस दिवसांत ‘द गॅम्बलर’ पूर्ण झाली. प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर गेला, तेव्हा हस्तलिखित पोलीस कचेरीत देऊन पावती घेण्यात आली. पुढे दोघांनी लग्न केले आणि १८७३ पासून आनाने त्याच्या कादंबऱ्या स्वतः छापून विकायला सुरुवात केली. हाताशी आलेली लघुलेखिका त्याच्या धंद्याची सूत्रधार झाली. चांगला साहाय्यक फार काळ फक्त साहाय्यक राहत नाही, हे नेमणाऱ्याने आधीच ओळखलेले बरे.

गुपित आणि मजुरी

‘सेक्रेटरी’ या शब्दाच्या पोटात ‘सीक्रेट’ आहे. ज्याच्यापाशी गुपित ठेवायचे तो सेक्रेटरी. कोचकडे येणारा माणूस साहेबाविषयी, नवऱ्याविषयी, स्वतःच्या भीतीविषयी बोलतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नीतिसंहितेनुसार नोंदी ठेवणे, जपणे आणि नष्ट करणे हे सारे गोपनीयता राखून झाले पाहिजे. साहाय्यक आला की त्या बंद खोलीला आणखी एक दार पडते.

हे दार कसे उघडते, याचे एक जुने पण बोलके प्रकरण आहे. २००३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला कराचीहून एक ईमेल आली. डॉक्टरांनी ध्वनिमुद्रित केलेली टिपणे टंकून देणाऱ्या एका महिलेची ती होती. तिचे पैसे थकले होते. ते मिळाले नाहीत तर रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकीन, अशी धमकी होती आणि पुरावा म्हणून खऱ्या नोंदी जोडलेल्या होत्या. रुग्णालयाला ती कोण हेच ठाऊक नव्हते. त्यांनी काम कॅलिफोर्नियातल्याच एका संस्थेला दिले होते. तिथून ते फ्लोरिडात, फ्लोरिडातून टेक्सासमध्ये आणि तिथून कराचीला गेले होते. शेवटी काही रक्कम मिळाल्यावर तिने धमकी मागे घेतली.

या घटनेतून बहुतेकांनी ‘परदेशी माणसावर विश्वास ठेवू नये’ एवढाच बोध घेतला. नीट पाहिले तर बोध वेगळा निघतो. गुपित सर्वांत शेवटच्या, सर्वांत कमी पैसे मिळणाऱ्या आणि कोणालाच ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती होते. साखळीतल्या प्रत्येकाने आपला वाटा ठेवून काम पुढे ढकलले आणि जबाबदारीही ढकलली. धमकीचे समर्थन होऊ शकत नाही. पण तिला वेळेवर पैसे मिळाले असते, तर त्या नोंदी बाहेर पडण्याचे कारणच उरले नसते.

कोचसाठी यातून तीन नियम निघतात. साहाय्यक कोण आहे हे नावानिशी ठाऊक असावे आणि त्याने काम परस्पर तिसऱ्याला देऊ नये, हे करारात असावे. त्याला लागतील तेवढीच माहिती द्यावी. वेळ ठरवायला नाव आणि फोन पुरतो, संभाषणाची टिपणे लागत नाहीत. आणि पैसे ठरल्या तारखेला द्यावेत. भारताच्या ‘डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३’ या टप्प्याटप्प्याने अमलात येणाऱ्या कायद्याचे तत्त्वही याला धरूनच आहे. दुसऱ्याकडून काम करून घेतले तरी माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्याचीच राहते. ‘माझ्या असिस्टंटकडून चूक झाली’ हा खुलासा तिथे चालणार नाही. साहाय्यक नेमला आहे हे येणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगावे, हे तर कायद्याआधीचे सौजन्य आहे.

दुसऱ्या टोकाला

या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला कोण असते? फिलिपिन्समध्ये हा मोठा व्यवसाय आहे, कारण तिथे इंग्रजी रुळलेली आहे. मनिला आणि न्यूयॉर्क यांच्यात बारा-तेरा तासांचे अंतर असल्याने अमेरिकेचा दिवस म्हणजे तिथल्या साहाय्यकाची रात्र. २०१८ च्या डिसेंबरात त्या देशाने दुरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कार्यालयातल्या सहकाऱ्यांसारखीच वागणूक मिळावी, असा कायदा केला. पण स्वतंत्रपणे तासावर काम घेणाऱ्याला आधार उरतो तो त्याच्या कराराचाच.

मराठी कोचला मात्र अमेरिकी नमुना जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. त्याच्याकडे येणारी माणसे मराठीत बोलतात, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांतला फरक त्यांना कळतो, गणपतीच्या दहा दिवसांत भेट ठरवू नये हे त्यांना सांगावे लागत नाही. हे सारे जाणणारा साहाय्यक सांगलीत किंवा अमरावतीत सापडतो. लहान गावातली पदवीधर मुलगी, मुले शाळेत गेल्यावर चार तास मोकळी असणारी गृहिणी, निवृत्त कार्यालयीन अधीक्षक: अशांच्या अंगी असलेल्या टापटिपीला आणि शुद्ध मराठीला गावात मोल मिळतेच असे नाही. त्यांना इथे काम मिळू शकते. पण ‘घरीच तर बसून असता’ म्हणून निम्म्या दरात काम करून घेणे हा फायदा नव्हे, पिळवणूक आहे. वीज, इंटरनेट, संगणक आणि बिनकामाचे दिवस यांचा खर्च दूरस्थ साहाय्यक स्वतः सोसतो. दर ठरवताना हे धरले पाहिजे.

आता ‘असिस्टंट’ या नावाने यंत्रही समोर उभे आहे. २०११ मध्ये सिरी आली, २०१४ मध्ये अलेक्सा, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी. वेळ ठरवणे, आठवण पाठवणे, मसुदा करणे, ध्वनिमुद्रणाचे लेखन ही कामे सॉफ्टवेअर आज स्वस्तात करते, आणि करू द्यावीत. व्यासांची अट मात्र इथे अवघड होते. यंत्राची लेखणी कधीच थांबत नाही. अडलेले असतानाही ती लिहीतच राहते. एरवी वेळेवर पैसे भरणारा माणूस दोनदा भेट पुढे ढकलतो आणि निरोपात नेहमीचा विनोद करत नाही, हे पाहून ‘सर, यांना तुम्ही स्वतः फोन करा’ असे सांगणारा साहाय्यक वेगळा. यंत्राला पहिला गठ्ठा द्यावा आणि माणसाला दुसरा. खाजगी संभाषण मात्र कोणत्याही यंत्रात टाकण्यापूर्वी ते कुठे साठते हे तपासावे आणि समोरच्याची परवानगी घ्यावी.

हिशेबाची शेवटची ओळ

पुन्हा त्या सत्तावीस तासांकडे येऊ. पंधरापैकी टिपणांचे तीन तास कोचने स्वतःकडेच ठेवावेत. उरलेल्या बारापैकी समजा नऊ तास सोपवले आणि देखरेखीला दोन लागले. आठवड्याला सात तास मोकळे झाले. साहाय्यकाला तासाला तीनशे रुपये दिले, तर खर्च सत्तावीसशे. कोचची फी तासाला पंधराशे असेल, तर आठवड्यात दोन तासांचे नवे काम मिळाले की खर्च भरून निघतो. आठवड्याला तीन-चारच माणसे येत असतील, तर एवढी व्यवस्था परवडणार नाही. तिथे एक वही आणि फोनमधली आठवण पुरे.

उरलेल्या पाच तासांचे काय करायचे, हे कोणताही साहाय्यक सांगणार नाही. ते आणखी माणसे घेण्यात घालवता येतील. तसे केले तर वर्षभरात कोच पुन्हा तितकाच थकलेला असेल, फक्त उत्पन्न वाढलेले असेल. किंवा दोन भेटींच्या मध्ये पाव तास मोकळा ठेवता येईल. आधीच्या माणसाचे बोलणे मनातून खाली उतरावे आणि पुढचा माणूस येईल तेव्हा मन रिकामे असावे, इतक्यासाठीच. व्यासांनी कूट श्लोक घालून जी उसंत मिळवली, ती पुढचे श्लोक रचायला. लेखनिक नेमल्यावर त्यांचे काम कमी झाले नाही. जे काम फक्त त्यांनाच जमण्याजोगे होते, ते करायला त्यांना अवकाश मिळाला. कोचने साहाय्यकाला द्यायच्या पैशांच्या बदल्यात एवढे मागावे, आणि ते मिळते आहे की नाही हे दर महिन्याला स्वतःलाच विचारावे.